भास्कराचार्यांची माकडं आणि चौकटीचा कागद

चाळीसगावात दहावीला वर्गसमीकरणाचा आलेख शिकवायची वेळ आली की मी पाठ्यपुस्तक मिटायचो आणि फळ्यावर माकडं आणायचो. माकडं माझी नव्हेत, भास्कराचार्यांची. ११५० साली लिहिलेल्या ‘सिद्धान्तशिरोमणी’च्या ‘बीजगणित’ या भागात ती भेटतात. कळपाच्या आठव्या हिश्श्याचा वर्ग केला तर जितकी येतील तितकी माकडं वनात बागडताहेत, उरलेली १२ टेकडीवर आहेत. तर कळप केवढा? उत्तरं दोन, १६ आणि ४८. ताळा करून बघा, दोन्ही बसतात. आचार्यांनीही दोन्ही मान्य केली.

आमच्या पोरांना पाटणादेवीचं जंगल माहीत असतं, त्यामुळे माकडं समजावून सांगावी लागत नाहीत. सांगावा लागतो तो तिथला शके ११२८चा शिलालेख, जो डॉ. भाऊ दाजी लाड यांनी अभ्यासकांच्या नजरेस आणला. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ काढला आणि त्याला निकुंभ घराण्याने दान दिलं, अशी त्यात नोंद आहे. शेवटच्या ओळी चक्क जुन्या मराठीत आहेत आणि बाजारातल्या करातून मठाला काय मिळावं ते त्या सांगतात. म्हणजे पाटणच्या पेठेत सौदा करणारं गिऱ्हाईक गणिताच्या शिकवणीला हातभार लावत होतं!

त्या परंपरेतला विद्यार्थी हे गणित कसं मांडत असेल? समीकरणाच्या दोन बाजू एकीखाली एक. अज्ञाताला ‘या’, त्याच्या वर्गाला ‘याव’, सुट्या संख्येला ‘रू’, आणि ऋण संख्येच्या डोक्यावर टिंब. मग श्रीधराचार्यांची रीत: चारपट वर्गसहगुणकाने गुणा, मधल्या सहगुणकाचा वर्ग मिळवा, मूळ काढा. आलेख कुठेच नाही. संख्या बदलली की सगळं पुन्हा पहिल्यापासून.

वक्र आणि समीकरण यांची गाठ पक्की बांधली ती फ्रान्सच्या फर्मा आणि देकार्त यांनी. देकार्तचं ‘भूमिती’ १६३७ मध्ये हॉलंडमधल्या लायडनला छापलं गेलं. पण आजच्यासारखे दोन आडवे-उभे अक्ष आखून वर्गसमीकरणाचा वक्र काढायची शाळकरी रीत त्यातही नाही. ती वर्गात रुजायला फार काळ गेला. १९०१ मध्ये ग्लासगोला जॉन पेरी नावाच्या अभियंता-प्राध्यापकाने गणितशिक्षणावर जोरदार भाषण केलं. पोरांच्या हाती चौकटीचा कागद द्या, हा त्याचा आग्रह होता. माझ्या मते युक्लिडच्या पाठांतरातून पोरांना सोडवणारा हा माणूस आपल्याकडे उगाच विसरला गेला.

आता माकडं त्या कागदावर. क्ष वर्ग भागिले ६४, वजा क्ष, अधिक १२. वाटीसारखा वक्र येतो, म्हणजे अन्वस्त. त्याचा तळ क्ष ३२ असताना अक्षाच्या ४ घरं खाली, आणि तो अक्षाला १६ व ४८ ला छेदतो. टेकडीवरची माकडं १२ ऐवजी १५ करा. आकार तोच, अख्खा वक्र ३ घरं वर. उत्तरं २४ आणि ४०. १६ केली तर तळ अक्षाला नुसता टेकतो, उत्तर एकच, ३२. सतरावं माकड टेकडीवर चढलं की वक्र अक्षापासून सुटतो आणि कळपच उरत नाही. या क्षणी वर्गात हमखास हशा पिकायचा.

आठव्याऐवजी सातवा हिस्सा घेतला (टेकडीवर पुन्हा १२) तर वक्र चिंचोळा होतो, डावीकडे सरकतो आणि तळ अक्षाच्या जेमतेम पाव घर खाली राहतो: उत्तरं २१ आणि २८. सहावा हिस्सा घेतला तर तळच अक्षाच्या ३ घरं वर, कळप गायब. मधल्या पदाचा सहगुणक बदलला तर गंमत निराळीच. वक्र नुसता बाजूला सरकत नाही. त्याचा तळ, म्हणजे शिरोबिंदू, स्वतः दुसऱ्या एका, उलट्या अन्वस्तावरून चालतो. हे पोरांना बिंदू मांडूनच पटतं, सांगून नाही.

पण कागदाला सगळं कळतं असंही नाही. भास्कराचार्यांचा दुसरा कळप घ्या: पाचव्या हिश्श्यातून ३ वजा करून वर्ग केला तितकी माकडं गुहेत शिरली, एक फांदीवर दिसतंय. वक्र ५ आणि ५० दोन्हीकडे अक्षाला छेदतो. आचार्यांनी मात्र ५ नाकारलं, कारण पाचाचा पाचवा हिस्सा १, त्यातून ३ गेले की उणे २ माकडं, आणि असलं काही लोकांना पटत नाही. देकार्तही ऋण मुळांना ‘खोटी’च म्हणायचा. इथे निकाल माणसानेच द्यायचा असतो.

घरात दहावीचं पोर असेल तर पहिल्या कळपात १२ च्या जागी ७ घालायला सांगा. उत्तरं ८ आणि ५६ येतील. वक्र मात्र त्याला हाताने, पेन्सिलीने काढू द्या, मोबाइलवर नको.