वृत्तपत्रीय हास्यचित्रमालिका : इतिहासाचे एक उपेक्षित साधन

6 जानेवारी 1832 रोजी ‘दर्पण’ निघाले, तेव्हापासूनच्या मराठी वृत्तपत्रसृष्टीचा इतिहास लिहिताना अभ्यासकांनी अग्रलेखांना, वाचकांच्या पत्रांना, अलीकडे जाहिरातींनाही साधनाचा दर्जा दिला. रोज सकाळी अग्रलेखाच्या आधी वाचली जाणारी तीन-चार चौकटींची हास्यचित्रमालिका मात्र या यादीत क्वचितच आढळते. ती वाचली जाते, हसून होते आणि महिनाअखेरीस रद्दीत जाते. या साधनाचे मोल आणि ते टिकविण्यातील अडचणी यांचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

हास्यचित्रांशी मराठी वाचकाचे नाते जुने आहे. 1920 मध्ये सुरू झालेल्या ‘किर्लोस्कर’ मासिकात शंकरराव किर्लोस्करांनी संपादक असतानाच कुंचला चालविला. 13 ऑगस्ट 1960 रोजी ‘मार्मिक’ निघाले. तथापि ही परंपरा प्राधान्याने एका चौकटीच्या व्यंगचित्राची होय. चित्रमालिकेचा धर्म निराळा आहे. तीत चौकटीगणिक काळ पुढे सरकतो, तीच पात्रे उद्या पुन्हा भेटतात आणि वाचकाची त्यांच्याशी ओळख वर्षानुवर्षे मुरत जाते.

मराठी दैनिकांतील याचे ठळक उदाहरण म्हणजे ‘चिंटू’. चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर यांनी निर्माण केलेली ही मालिका 21 नोव्हेंबर 1991 रोजी ‘सकाळ’मध्ये सुरू झाली. जुलै 1991 च्या अर्थसंकल्पाने आर्थिक उदारीकरणाची दिशा निश्चित केली, त्यानंतर अवघ्या चार महिन्यांनी! हा योगायोगच, परंतु इतिहासाच्या विद्यार्थ्याला उपकारक योगायोग. चिंटू, पप्पू, मिनी, बगळ्या, जोशीकाकू या पात्रांच्या निमित्ताने शहरी मध्यमवर्गीय घराचा दिनक्रम रोज नोंदला गेला. आई-वडिलांशी मुलाने कोणत्या स्वरात बोलावे, शेजाऱ्याचा अधिकार कुठवर चालावा, परीक्षेचा धाक किती असावा, हे संकेत कोणत्याही सरकारी अहवालात सापडत नाहीत. विनोद मात्र त्यांच्यावरच उभा असतो. 2012 मध्ये या मालिकेवर चित्रपट निघाला, यावरून तिची लोकप्रियता लक्षात यावी. रायगडाच्या पायथ्याशी असलेल्या हिरकणीवाडीतील मुलाची सकाळ या चौकटींत नाही, हेही नोंदवले पाहिजे. तो मालिकेचा दोष नव्हे. मराठी दैनिकांनी आपला वाचक कोण मानला होता, याचा तो पुरावा आहे.

संग्रहाचा प्रश्न येथूनच सुरू होतो. अमेरिकेत ग्रंथालयांनी सूक्ष्मपट तयार करून वृत्तपत्रांच्या मूळ संचिका काढून टाकण्यास प्रारंभ केला, तेव्हा रविवारच्या रंगीत मालिकांचा रंगच नाहीसा होऊ लागला. बिल ब्लॅकबिअर्ड या संग्राहकाने 1960 च्या दशकाच्या अखेरीस सॅन फ्रान्सिस्को येथे एक संस्था स्थापून त्या संचिका आपल्या घरी आणविल्या. पुढे हा सुमारे 75 टनांचा संग्रह ओहायो राज्य विद्यापीठाकडे गेला. आज त्या मालिकांवर होणारे बरेचसे संशोधन एका माणसाच्या या हट्टावर उभे आहे. आपल्याकडेही असे हट्टी लोक आहेत. वसंत सरवटे यांनी व्यंगचित्राच्या आस्वादाची परिभाषा मराठीत रुजविली. नांदेडचे मधुकर धर्मापुरीकर यांनी संग्रह आणि आस्वाद या दोन्ही अंगांनी काम केले. संस्थात्मक पातळीवर मात्र फारसे घडलेले नाही.

महाडमध्ये बसून हे लिहिताना दोन गोष्टी टाळता येत नाहीत. पहिली, या भूमीशी जोडलेल्या नावाची. चवदार तळ्याच्या सत्याग्रहाचे (20 मार्च 1927) नेते डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्यावर 1932 ते 1948 या काळात इंग्रजी वृत्तपत्रांत आलेली शंभराहून अधिक व्यंगचित्रे उन्नमती श्याम सुंदर यांनी शोधून 2019 मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध केली. त्या चित्रांतील तुच्छता तत्कालीन अग्रलेखांत इतकी उघडी दिसत नाही. ती पाने रद्दीत गेली असती, तर तो पूर्वग्रह पुराव्याने दाखविणे कठीण झाले असते. हसविणाऱ्या रेषेला निरुपद्रवी समजणाऱ्यांनी हा ग्रंथ अवश्य पाहावा.

दुसरी गोष्ट हवेची आणि पाण्याची. वृत्तपत्राचा कागद मुळातच आम्लधर्मी. कोकणच्या दमट हवेत तो लवकर पिवळा पडून चुरतो. त्यात सावित्रीचे पूर. 2005 आणि 2021 च्या जुलैमध्ये महाड शहर पाण्याखाली गेले, तेव्हा तळमजल्यांवरील कागदाची काय गत झाली असेल, हे येथील वाचकांस सांगावयास नको.

पुस्तकरूप संग्रह उपलब्ध असताना कात्रणे कशाला, असा आक्षेप घेतला जातो. पुस्तकात विनोद उरतो, परंतु त्या दिवशी शेजारच्या रकान्यात कोणती बातमी होती, हे हरवते. कात्री चालविणारे हौशी संग्राहकही बहुधा चौकट तेवढी कापून दिनांक टाकून देतात. अशा कात्रणाचा इतिहासकाराला अर्धाच उपयोग. शक्यतो पूर्ण पान ठेवावे. ते न जमल्यास मागील बाजूस पेन्सिलीने दैनिकाचे नाव, आवृत्ती, दिनांक व पृष्ठांक लिहावा आणि कात्रण गोंदाने न चिकटविता आम्लविरहित पाकिटात, वरच्या मजल्यावर ठेवावे. महाविद्यालयीन ग्रंथालयांतून दैनिकांचे जुने अंक ठरावीक मुदतीनंतर रद्दीत निघतात. त्यापूर्वी निदान एका दैनिकाची चित्रमालिकेची पाने वेगळी काढण्याचे काम इतिहास विभागाच्या विद्यार्थ्यांकडून प्रकल्प म्हणून सहज करून घेता येईल.