टाउन हॉल, जो टाउन हॉल झाला नाही

एखाद्या लहान शहराच्या नगरपालिकेने सभागृह बांधायचे ठरवले की फायलीवर पहिला प्रश्न येतो खर्चाचा, दुसरा जागेचा. इमारत परिसराला शोभेल काय, हा प्रश्न बहुधा उपस्थितच होत नाही. जयपूरच्या वास्तव्यात या प्रश्नाचे एक जुने, अपुरे परंतु उद्बोधक उत्तर मी अनेकदा न्याहाळले आहे. ते म्हणजे रामनिवास बागेतील अल्बर्ट हॉल.

६ फेब्रुवारी १८७६ रोजी प्रिन्स ऑफ वेल्स यांच्या हस्ते त्याची कोनशिला बसली. इमारतीचा उपयोग मात्र निश्चित नव्हता. महाराजा सवाई रामसिंह यांच्या मनात टाउन हॉल होता. १८८० मध्ये त्यांचे निधन झाले. सवाई माधोसिंहांच्या काळात तेथे संग्रहालय करण्याचे ठरले आणि १८८७ मध्ये ते खुले झाले. कोल्हापूरच्या टाउन हॉलचेही पुढे वस्तुसंग्रहालयच झाले, हे मराठी वाचकांना आठवेल. उपयोग बदलतात, भिंती राहतात. म्हणूनच त्या विचारपूर्वक उभारायच्या असतात.

अल्बर्ट हॉलचे रचनाकार सॅम्युएल स्विंटन जेकब हे संस्थानच्या बांधकाम खात्याचे अभियंता होते. मुंबईच्या टाउन हॉलला (१८३३) ग्रीक खांब लाभले. जेकब यांनी मात्र कमानी, छत्र्या व जाळ्या येथल्याच जुन्या वास्तूंवरून घेतल्या आणि घडवण्याचे काम स्थानिक कारागिरांकडे सोपवले. अशा तपशिलांची मोठ्या मापाची रेखाटने त्यांनी १८९० पासून ‘जयपूर पोर्टफोलिओ’मध्ये प्रसिद्ध केली. पाने सुटी ठेवली, जेणेकरून कारागिराला हवे ते पान कामावर नेता यावे.

तरीही एक शंका उरते. १७२७ मध्ये वसवलेल्या जयपूरचे सौंदर्य सलग रांगेत आहे. १७९९ चा हवामहलदेखील बाजाराच्या रांगेतच उभा आहे. अल्बर्ट हॉल मात्र तटाबाहेर, बागेत एकटा उभा आहे. तपशील जयपूरचा, मांडणी परकी. याउलट १९५२ पासून सुमारे पाच दशके राजस्थान विधानसभा जेथे भरली, तो सवाई मानसिंह टाउन हॉल तटाच्या आत, हवामहलच्या परिसरातच आहे.

यातून लहान शहराने घ्यावयाचा बोध असा : आधी रस्त्याची रांग, शेजारच्या घरांची उंची, सावली आणि जवळच्या खाणीचा दगड पाहावा, अलंकरण नंतर. काँक्रीटच्या सांगाड्यावर गुलाबी रंग व छत्री चढवल्याने इमारत जयपूरची होत नाही.

अडचण रसिकतेच्या अभावाची कमी, कार्यपद्धतीची अधिक आहे. ज्या घडाईचा दर दरसूचीत नाही, ती अंदाजपत्रकात सहसा शिरत नाही. आणि जी अंदाजपत्रकात नाही, तिचा कारागीर हळूहळू दुसरा धंदा शोधतो. स्थानिक पाथरवटाच्या कामाचा दर दरसूचीत नोंदवणे हे शासनाच्या दृष्टीने क्षुल्लक काम आहे. परंतु त्या एका ओळीने गावाचा पैसा गावातच राहील आणि सभागृहही गावाचेच दिसेल.