पोरक्या वनबाळांची कहाणी

मलायी भाषेत ‘ओरांग’ म्हणजे माणूस व ‘हुतान’ म्हणजे अरण्य. या शब्दांवरून ज्याला ओरांगउटान हे नाव पडले, त्या वानराचे पोर सहा-सात वर्षे आईला सोडीत नाही. आई मारली गेली की ते सर्वस्वी निराधार होते. अशा पिलांना वृक्षारोहण व फळांचा शोध शिकवून पुन्हा रानात धाडण्यासाठी बोर्निओ बेटावर सेपिलोक येथे १९६४ साली आश्रयस्थान निघाले. सुट्टीत दूरदूरचे प्रवासी ते पाहावयास जातात. परंतु पोरक्या वन्यजीवांचा असा सांभाळ विदर्भातही झालेला आहे, आणि त्या इतिहासाचा एक धागा आपल्या वर्धा जिल्ह्याशी जोडलेला आहे.

हिंगणघाट येथे १९१४ साली जन्मलेल्या बाबा आमट्यांनी डिसेंबर १९७३ मध्ये भामरागडनजीक हेमलकसा येथे लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला. त्यांचे चिरंजीव डॉ. प्रकाश व स्नुषा डॉ. मंदाकिनी तेथे माडिया गोंडांची शुश्रूषा करू लागले. एकदा काही माडिया शिकारी मारलेले माकड घेऊन जाताना प्रकाशरावांस दिसले. तिचे जिवंत पिलू त्या निष्प्राण आईला बिलगून दूध शोधीत होते! डॉक्टरांनी अन्नवस्त्र देऊन ते पिलू मागून घेतले. तेच तेथील प्राण्यांच्या अनाथालयाचे आद्य बालक होय. पुढे बिबटे, अस्वले, हरणे यांचीही पोरकी पिले तेथे आली.

या प्रसंगी शिकाऱ्यांस निष्ठुर म्हणणे सोपे आहे. वस्तुतः ते पोटासाठी शिकार करीत होते. भुकेल्यास भूतदयेचा उपदेश काय कामाचा? म्हणूनच दवाखान्याबरोबर शाळा आली, शेतीचे शिक्षण आले. माणसाच्या ताटात अन्न पडल्यावाचून पशूस अभय मिळत नाही, हा या इतिहासाचा पहिला धडा आहे.

दुसरा धडा खुद्द आपल्या जिल्ह्यातला. २००९ साली चंद्रपूर जिल्ह्यातील ढाबा परिसरात आईविना सापडलेले वाघाचे बछडे बोरच्या अभयारण्यात कुंपणात वाढविण्यात आले व पुढे पेंचला नेण्यात आले. मांस पुरविणे माणसाला साधते. परंतु दबा कसा धरावा, सावज कसे निवडावे, माणसापासून दूर कसे राहावे, हे वाघीणच शिकविते. माणसाच्या सहवासाला सरावलेला वाघ रानात सोडणे त्याला व गावकऱ्यांना, दोघांनाही धोक्याचे असते. आश्रय देता येतो. आई देता येत नाही.

बोरला १९७० साली अभयारण्याचा व २०१४ साली व्याघ्रप्रकल्पाचा दर्जा मिळाला. सुट्टीत मुलाबाळांसह तेथे अवश्य जावे. हेमलकशासही जावे. मात्र पिंजऱ्यातील गोजिरवाणे पिलू पाहून मुले हरखली, म्हणजे वडीलधाऱ्यांनी त्यांस एवढेच विचारावे: “बाळांनो, याची आई कोठे असेल बरे?” या प्रश्नाचे उत्तर शोधू लागणारा मुलगा मोठेपणी रानाचा राखणदार झाल्यावाचून राहणार नाही.