हा सी-वन कुणाचा?

मोठ्या आतड्याच्या कॅन्सरचं ऑपरेशन झाल्यावर तो कोणात उलटतो, यावरच्या जुन्या-नव्या पेपरांचा मी एक तक्ता केला होता. 'टप्पा' असा एक रकाना, त्यात ए, बी, सी-वन वगैरे. तक्ता दिसायला झकास होता. गाईडनी एकच प्रश्न विचारला, "हा सी-वन कुणाचा?" मला प्रश्नच कळला नाही. तुमचं तसं होऊ नये म्हणून हा इतिहास.

लंडनच्या सेंट मार्क्स हॉस्पिटलमधले पॅथॉलॉजिस्ट कथबर्ट ड्यूक्स यांनी 1932 मध्ये गुदाशयाच्या कॅन्सरची वर्गवारी मांडली. गाठ भिंतीच्या आतच असेल तर ए, भिंत ओलांडून बाहेर गेली असेल पण लसिकाग्रंथी स्वच्छ असतील तर बी, आणि ग्रंथींत पोचली असेल तर सी. इतकं सोपं, की पुढे लोकांनी ती आतड्याच्या बाकीच्या भागालाही लावली. 1935 मध्ये गॅब्रिएल, ड्यूक्स आणि बसी यांनी सी चे दोन भाग केले: फक्त जवळच्या ग्रंथींत पसरला असेल तर सी-वन, आणि सर्जन रक्तवाहिनी जिथे बांधतो तिथल्या ग्रंथींपर्यंत गेला असेल तर सी-टू.

1954 मध्ये अमेरिकेत ॲस्टलर आणि कॉलर यांनी अक्षरं तीच ठेवली, अर्थ मात्र बदलले. त्यांचा ए म्हणजे फक्त आतलं अस्तर. गाठ स्नायूंच्या थरात शिरली पण पार गेली नाही, तर बी-वन. हाच पेशंट ड्यूक्सकडे ए होता! आणि त्यांचा सी-वन म्हणजे ग्रंथींत कॅन्सर आहे, पण गाठ भिंतीच्या आतच आहे. ग्रंथी कुठली, याच्याशी त्याचा संबंधच नाही. आता दोन्ही सी-वन एका रकान्यात टाकून टक्केवारी काढा बघू. मी काढली होती.

घोळ फक्त अक्षरांचा असता तर निस्तरता आला असता. खरी अडचण ग्रंथी मोजण्यात आहे. कापून काढलेल्या आतड्याभोवतीच्या चरबीत त्या हाताने चाचपून शोधाव्या लागतात. काही तर मसुराच्या दाण्याएवढ्याही नसतात. पाच सापडल्या, पाचही स्वच्छ, रिपोर्टमध्ये 'ग्रंथी स्वच्छ'. सहावी चरबीतच राहिली असेल तर?

1990 मध्ये या प्रश्नाचं वजन वाढलं. मोर्टेल आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की ग्रंथींत पोचलेल्या कॅन्सरमध्ये ऑपरेशननंतर फ्लुरोयुरॅसिल आणि लेव्हॅमिसोल दिलं तर तो उलटण्याचं प्रमाण घटतं. म्हणजे पेशंटला औषध मिळणार की नाही, हे त्या न सापडलेल्या ग्रंथीवरही ठरू लागलं. त्याच वर्षी सिडनीच्या जागतिक काँग्रेसमध्ये किमान 12 ग्रंथी तपासाव्यात अशी शिफारस झाली. आज दुसऱ्या टप्प्याच्या पेशंटमध्ये आतडं फुटणं, अडणं, गाठ बाहेरच्या आवरणापर्यंत किंवा शेजारच्या अवयवात जाणं यांच्याच यादीत '12 पेक्षा कमी ग्रंथी तपासल्या' हाही जोखमीचा घटक धरतात. गंमत बघा, बाकीचे घटक पेशंटच्या पोटातले. हा आपल्या शोधण्यातला.

याची उलटी बाजूही आहे. जास्त ग्रंथी शोधल्या की दुसऱ्या टप्प्यातले छुपे पेशंट तिसऱ्यात जातात. दुसऱ्यात खरोखर बरे तेवढे उरतात, आणि तिसऱ्यात तुलनेने कमी आजारी माणसं येतात. उपचार काडीचा न बदलता दोन्ही टप्प्यांचे आकडे सुधारतात! फाइनस्टाइन आणि सहकाऱ्यांनी 1985 मध्ये फुप्फुसाच्या कॅन्सरमध्ये हे दाखवलं आणि विनोदवीर विल रॉजर्सचं नाव त्याला दिलं. दोन दशकांची तुलना करणारा पेपर हाती आला, तर आधी सरासरी किती ग्रंथी तपासल्या ते बघा. मग जगण्याचे आलेख.

माझ्या तक्त्यात आता 'वर्गवारी कुणाची' आणि 'ग्रंथी किती' असे दोन रकाने वाढलेत. काही ओळींत दोन्ही रिकामे आहेत. ते पेपर मी सध्या बाजूला काढून ठेवलेत. त्यातला एक माझ्या सिनॉप्सिसचा मुख्य आधार होता.