जुन्या गाडीचं दार का लोंबतं? दुरुस्तीला कुठून सुरुवात करायची?

गाडी दहा-बारा वर्षांची झाली की ड्रायव्हरच्या बाजूचं दार नखरे सुरू करतं. हळूच लावलं तर लागत नाही. जरा वर उचलून, मग जोरात आपटावं लागतं. घरातल्या सगळ्यांना ही युक्ती पाठ असते, पाहुण्यांना मात्र दर वेळी सांगावी लागते. यामागचं कारण बहुतेकदा एकच असतं. दाराचं मागचं टोक, म्हणजे लॉककडची बाजू, काही मिलिमीटर खाली आलेली असते. याला दार लोंबणं किंवा बसणं म्हणतात.

मारुती ८०० आणि अँबेसेडर, दोन्हींचं उत्पादन २०१४ साली थांबलं. म्हणजे रस्त्यावर दिसणारी यातली सर्वांत तरुण गाडीसुद्धा दहा वर्षांपुढची आहे. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांनी नूतनीकरण करून पुढे पाच-पाच वर्षं वाढवता येते, त्यामुळे अशा गाड्या बराच काळ वापरात राहतात. इंजिन, टायर, बॅटरीकडे मालकाचं लक्ष असतं. दाराच्या बाबतीत मात्र ‘लागतंय ना, मग चालू दे’ असा कारभार असतो.

दार खाली का येतं?

दार पुढच्या बाजूला दोन बिजागऱ्यांवर टांगलेलं असतं आणि मागचं टोक उघडलं की अधांतरी असतं. समजा, दाराचं वजन २५ किलो आहे, लांबी एक मीटर आहे आणि दोन बिजागऱ्यांमध्ये ४० सेंटिमीटर अंतर आहे. दाराचं वजन साधारण मध्यावर, म्हणजे बिजागरीपासून अर्ध्या मीटरवर एकवटतं. हिशेब केला तर वरची बिजागरी सुमारे ३१ किलोच्या जोराने बाहेर ओढली जाते आणि खालची तेवढ्याच जोराने आत दाबली जाते. उतरताना कुणी उघड्या दाराच्या टोकावर २० किलोचा भार टाकला, तर या ओढीत आणखी ५० किलोची भर पडते. उंच गाडीतून उतरताना दाराला लटकणारी मंडळी रोज नेमकं हेच करत असतात.

बिजागरीच्या आत एक पिन असते आणि बऱ्याच गाड्यांत तिच्याभोवती बुश असतं. वर्षानुवर्षं ग्रीस नाही, धूळ आणि पाणी आत जातंय, अशा स्थितीत बुश झिजतं आणि पिन सैल होते. वरच्या बिजागरीत फक्त १ मिलिमीटर झीज झाली, तरी वरच्याच मापांच्या दाराचं मागचं टोक अडीच मिलिमीटर खाली येतं. लॉकला चुकवायला एवढं पुरतं. ड्रायव्हरचं दार सर्वांत आधी लोंबतं, कारण ते सर्वांत जास्त वेळा उघडतं. दोन दारांच्या गाड्यांमध्ये दारं लांब आणि जड असल्याने हा त्रास आणखी लवकर सुरू होतो.

अर्धवट लागलेलं दार किती धोक्याचं?

दाराचं लॉक दोन टप्प्यांत लागतं. पहिला ‘टक’ म्हणजे दार अर्धवट अडकलं, दुसरा ‘टक’ म्हणजे पूर्ण लागलं. लोंबलेलं दार अनेकदा पहिल्याच टप्प्यावर थांबतं.

या दोन टप्प्यांत फरक किती? संयुक्त राष्ट्रांच्या चौकटीत २००४ साली दारांसाठी जागतिक तांत्रिक नियम ठरला. त्यानुसार लांबीच्या दिशेने ओढून केलेल्या चाचणीत पूर्ण लागलेल्या लॉकने ११,००० न्यूटन, म्हणजे सुमारे १,१२० किलोची ओढ सोसली पाहिजे. अर्धवट लागलेल्या लॉककडून अपेक्षा फक्त ४,५०० न्यूटनची, म्हणजे साधारण ४६० किलोची आहे. हे आकडे नव्या, धडधाकट लॉकसाठीच्या चाचणीतले आहेत. धडक बसली किंवा गाडी उलटली, की दार बंद राहणं हेच आतल्या माणसाचं मोठं संरक्षण असतं. त्यात कुणी सीटबेल्ट लावला नसेल आणि त्या दाराला टेकून लहान मूल बसलं असेल, तर काय होऊ शकतं हे वेगळं सांगायला नको.

आतला दिवा विझला म्हणजे दार लागलं, असंही समजू नका. बऱ्याच जुन्या गाड्यांमध्ये दिव्याचं बटण दाराच्या चौकटीवर असतं. दार आत दाबलं गेलं की ते दबतं. लॉकचा दुसरा टप्पा लागला की नाही, याच्याशी त्याचा संबंध नसतो.

आधी दोष शोधा, मग पाना हातात घ्या

दार अर्धं उघडा, मागच्या टोकाला दोन्ही हातांनी धरा आणि हळूहळू वर-खाली करा. दुसऱ्या माणसाला बिजागऱ्यांकडे टॉर्च धरायला सांगा. नेमकं काय हलतंय, ते पाहायचं आहे.

पिनपाशी हालचाल दिसली, तर पिन-बुश गेले आहेत. पूर्ण बिजागरीच पत्र्यावर सरकत असेल, तर बोल्ट सैल आहेत. हे नशीबवान मालक, पाच मिनिटांत सुटतील. बिजागरी घट्ट आहे, पण तिच्यामागचा पत्राच आत-बाहेर होतोय, असं दिसलं तर चौकटीचा खांब गंजलाय किंवा तडकलाय. ही सर्वांत वाईट शक्यता. मुंबई, कोकण आणि गोव्याच्या खाऱ्या हवेत वापरलेल्या गाड्यांनी ती आधी तपासावी. पायाखालचं मॅट उचलून खांबाचा तळ स्क्रूड्रायव्हरने टोचून पाहा. टोक आत गेलं, तर नवी बिजागरी लावून काहीच उपयोग नाही. तिथे सडका पत्रा कापून नवा वेल्ड करावा लागतो. पुट्टी भरून रंग मारला तर गंज फक्त झाकला जातो, दाराला आधार मिळत नाही.

सर्वाधिक होणारी चूक

दार लागत नाही म्हटल्यावर अनेक ठिकाणी स्ट्रायकर, म्हणजे चौकटीवरची लॉक अडकण्याची खुंटी, खाली सरकवली जाते. दोन स्क्रू सैल करायचे, खुंटी उतरवायची, काम खलास. दार लागतं, गिऱ्हाईक खूश. पण बिजागरीची झीज तिथेच असते आणि वाढत राहते. वरच्या कोपऱ्यात रबर आणि दार यांच्यात फट राहते. पावसाळ्यात पाणी तिथूनच आत येतं. काही महिन्यांनी खुंटी आणखी खाली न्यायची वेळ येते आणि मग सरकायला जागाच उरत नाही. म्हणून क्रम असा ठेवा: आधी बिजागरी, सर्वांत शेवटी खुंटी.

दुसरा झटपट उपाय म्हणजे दाराखाली जॅक लावून किंवा खांद्याने दार वर रेटून बिजागरी वाकवणं. मुरलेला डेंटर वेल्ड केलेल्या बिजागरीचं थोडं वाकलेपण अशा प्रकारे काढू शकतो. झिजलेल्या बुशावर मात्र हा इलाज टिकत नाही आणि अंदाज चुकला तर खांबाचाच पत्रा वाकतो.

पिन-बुश बदलताना

एकट्याने हे काम करू नये. दाराखाली ट्रॉली जॅक लावा, त्यावर लाकडी फळी आणि जाड कापड ठेवा आणि दाराचं वजन जेमतेम तोलेल इतकाच जॅक वर घ्या. पॉवर विंडो असेल तर बॅटरीचं निगेटिव्ह टर्मिनल आधी काढा, म्हणजे दारात जाणाऱ्या वायरी ओढल्या गेल्या तरी शॉर्टसर्किट होणार नाही. बिजागरीभोवती मार्करने रेघ मारून ठेवा. परत बसवताना मूळ जागा तिच्यावरूनच कळते. खुंटी काढून ठेवली तर आणखी बरं, कारण मग दार तिच्यावर न टेकता मोकळं बसतं आणि खरा फरक दिसतो.

एका वेळी एकच बिजागरी घ्या. गंजरोधक तेल मारून तासभर थांबा, मग पिन ठोकून बाहेर काढा. जुनं बुश काढून नवं बसवा, ग्रीस लावून नवी पिन घाला. बुशाचं छिद्रच लांबट झालं असेल, तर लेथवाल्याकडून ते सरळ करून मोठ्या मापाचं पितळी बुश करून घेता येतं. काही गाड्यांच्या पिना रिव्हेटसारख्या दाबून बसवलेल्या असतात. तिथे अख्खी बिजागरीच बदलावी लागते. कुर्ल्यासारख्या जुन्या भागांच्या बाजारातून ती घेत असाल, तर तिथेच हातात धरून खडखडते का ते पाहा. नाहीतर एक झिजलेली काढून दुसरी झिजलेली लावाल. डावी-उजवी आणि वरची-खालची वेगवेगळी असू शकते, म्हणून जुनी सोबत न्या.

नंतर दार बंद करून कडेची फट बघा. दारावरची रेघ पुढच्या फेंडरच्या आणि मागच्या दाराच्या रेघेशी जुळली पाहिजे. टोक अजून किंचित खाली असेल, तर वरच्या बिजागरीचे खांबाकडचे बोल्ट थोडे सैल करून जॅकने टोक उचला आणि पुन्हा कसा. मग खुंटी हाताने सरकेल इतपतच आवळून दार हळूच लावा, अलगद उघडा आणि खुंटी हलू न देता स्क्रू पक्के करा. दोन ‘टक’ स्पष्ट ऐकू आले पाहिजेत, तेही न आपटता. रबराच्या कडेला जागोजागी कागदाची पट्टी अडकवून ओढा. जिथे ती सहज निसटते, तिथून पाणी येणार.

हे झाल्यावर दाराच्या तळाची बारीक छिद्रं तारेने मोकळी करून घ्या. ती तुंबली की पावसाचं पाणी दारात साचतं, दार जड होतं आणि तळाचा पत्रा आतून सडतो. आठवड्याभराने बोल्ट पुन्हा एकदा तपासा आणि दर पावसाळ्याआधी बिजागऱ्यांना ग्रीस लावा.