सह्याद्रीच्या घाटवाटा : तांड्यांपासून डोंगरयात्रींपर्यंत

मुंबई, ठाणे आणि पुणे या शहरांतील डोंगरयात्री दर हिवाळ्यात ज्या पायवाटांनी सह्याद्री चढून-उतरून एका दिवसात घरी परततात, त्यांतील बहुसंख्य वाटा भटकंतीसाठी पडलेल्या नाहीत. कोकण आणि देश यांच्यामध्ये उभ्या असलेल्या या कड्यातून माल, जनावरे, सैन्य आणि यात्रेकरू यांची ने-आण करण्यासाठी त्या घडवल्या गेल्या, राखल्या गेल्या आणि त्यांवर जकातही वसूल केली गेली. आज त्यांना रानवाटांचे रूप आले आहे ते निसर्गाने बहाल केले म्हणून नव्हे, तर त्यांचे मूळ काम सुमारे दीडशे वर्षांपूर्वी हिरावले गेले म्हणून. आणि त्यांचा इतिहास लिहायचा तर वाट कोणी शोधली यापेक्षा ती कोणी वापरात ठेवली, हाच प्रश्न अधिक फलदायी ठरतो.

चालण्याचा हंगामही जुनाच आहे. पावसाळ्यात घाटमाथ्यावर, म्हणजे कड्याच्या वरच्या सपाटीवर, मुसळधार पाऊस कोसळत असल्याने ओढे ओलांडता येत नाहीत, कातळावर शेवाळ धरते आणि पूर्वी समुद्रही जहाजांना बंद असे. उन्हाळ्यात वाटेवरची टाकी व झरे आटतात आणि वाळलेल्या गवतात वणवे लागतात. या दोन अडचणींच्या मधला, दसऱ्यापासून माघ-फाल्गुनापर्यंतचा काळ व्यापाऱ्याला, लष्कराला आणि यात्रेकरूला सारखाच सोयीचा होता. दसऱ्याला सीमोल्लंघन करून मोहिमेवर निघण्याची मराठ्यांची रीत याच हवामानाच्या गणितावर उभी होती, आणि आजच्या गिर्यारोहण संस्था लांब पल्ल्याच्या घाटवाटांसाठी जो काळ निवडतात, तो त्याच गणिताने ठरतो.

घाटवाटेची घडण डोंगराच्या घडणीवर अवलंबून असते. सह्याद्री लाव्हारसाच्या आडव्या थरांनी बनलेला असल्यामुळे त्याचा पश्चिम कडा एकसलग उतरत नाही. मध्येच एखादी रुंद, रानाने भरलेली पायरी लागते, तिला ‘पदर’ म्हणतात, आणि पदराच्या वर व खाली सरळसोट कातळभिंती असतात. त्या चढण्याचे मार्ग मोजकेच. डोंगराच्या पुढे आलेल्या सोंडेवरून किंवा दांडावरून वळणे घेत जाणारी वाट तुलनेने सौम्य असते आणि तिच्यावरून लादलेला बैल जाऊ शकतो, दोन कड्यांमधल्या अरुंद घळीतून, म्हणजे ‘नाळे’तून, दगडधोंड्यांवरून चढणारी वाट केवळ माणसांच्या कामाची असते, आणि जिथे कातळटप्पा ओलांडण्यासाठी शिडी लावावी लागते, ती वाट डोक्यावर बोजा घेतलेल्या माणसालाही अवघड जाते. कर्जतच्या बाजूने खांडसहून भीमाशंकरला चढणाऱ्या दोन वाटांत हा भेद स्पष्ट दिसतो : गणपती घाट लांबून पण सोप्या चढाने माथा गाठतो, तर शिडी घाट अंतर वाचवून कड्याशी थेट सामना करायला लावतो. लांबची वाट मालाची आणि जवळची वाट घाईतल्या माणसाची, हा भेद सह्याद्रीत पुष्कळ ठिकाणी लागू पडतो.

या वाटांपैकी सर्वांत जुना लेखी पुरावा नाणेघाटाचा आहे. कल्याण आणि सोपारा ही प्राचीन बंदरे जुन्नरशी जोडणाऱ्या या घाटाच्या माथ्यावर कातळात एक लेणे खोदलेले आहे. त्याच्या भिंतींवरील ब्राह्मी लिपीतील प्राकृत लेखात सातवाहन राणी नागनिका हिच्या काळातील यज्ञांची आणि त्यांत दान दिलेल्या गायी, घोडे, हत्ती व कार्षापण नाण्यांची नोंद आहे. बहुतेक अभ्यासक हा लेख इसवी सनापूर्वी पहिल्या शतकातला मानतात. त्यातील संख्याचिन्हे भारतीय अंकांच्या इतिहासात महत्त्वाची ठरली असून भगवानलाल इंद्रजी यांनी एकोणिसाव्या शतकात त्यांचा अभ्यास केला. लेण्यात सातवाहन कुळातील व्यक्तींच्या मूर्ती होत्या. त्या नष्ट झाल्या असल्या तरी वर कोरलेली नावे टिकून आहेत. राजकुळाने आपली प्रतिमा आणि आपल्या दानाचा हिशेब राजधानीत न कोरता एका खिंडीच्या तोंडाशी कोरावा, यावरून त्या खिंडीतून होणाऱ्या रहदारीचे मोल कळते. घाटमाथ्यावरचा दगडी रांजण जकातीची नाणी टाकण्यासाठी होता असे परंपरा सांगते. लेखात त्याचा उल्लेख नाही, त्यामुळे ती समजूत लोकप्रिय असली तरी तिला पुरावा म्हणता येत नाही. वाटेतली खोदीव टाकी आणि दगडी पायऱ्या मात्र नि:संशय राबत्या रहदारीची साक्ष देतात.

नाणेघाटाच्या रक्षणाला जीवधन, चावंड, हडसर आणि शिवनेरी हे किल्ले आहेत. बोरघाटाच्या परिसरात राजमाची, लोहगड आणि विसापूर आहेत, आणि त्याच पट्ट्यात कार्ले, भाजे, बेडसे व कोंडाणे ही बौद्ध लेणी आहेत. सुधागडाजवळच्या घाटवाटांच्या पायथ्याशी ठाणाळे आणि खडसांबळे येथेही लेणी आढळतात. ही लेणी व्यापारी मार्गांना धरून आहेत, हे दामोदर धर्मानंद कोसंबी यांनी आग्रहाने मांडले. पुण्याच्या आसपासचा प्रदेश पायी फिरून त्यांनी असेही दाखवले की मातृदेवतांची अनेक ठाणी जुन्या वाटांच्या संगमावर वसलेली आहेत. वरंध घाटातील वाघजाईचे स्थान पाहता, घाट चढण्यापूर्वी किंवा चढल्यावर देवीपुढे थांबण्याची चाल किती खोल रुजलेली आहे याची कल्पना येते.

मध्ययुगात या वाटांवरून धान्य खाली उतरे आणि मीठ, सुकी मासळी व बंदरात आलेला माल वर चढे. ही वाहतूक मुख्यत: बंजारा, म्हणजेच लमाण, समाजाच्या तांड्यांकडे होती, तांडा म्हणजे कुटुंबकबिल्यासह चालणारा बैलांचा काफिला, ज्यातला प्रत्येक बैल पाठीवर दोन बाजूंना गोण्या घेऊन चाले. वाटेवरची चौकी आणि पहारा स्थानिकांकडे असे, आणि त्यात महादेव कोळी समाजाचा मोठा वाटा होता. वाट ठाऊक असणे हे लष्करी बळ होते, याचे ठळक उदाहरण उंबरखिंडीचे आहे : फेब्रुवारी १६६१ मध्ये शाइस्तेखानाने कोकणात पाठवलेला कारतलबखान लोणावळ्याच्या बाजूने कुरवंडे घाटाने खाली उतरत असता शिवाजी महाराजांच्या सैन्याने त्याला दाट रानात कोंडले आणि त्याला शरण यावे लागले. मोठी फौज अरुंद वाटेत शिरली की तिचा आकारच तिच्या विरुद्ध जातो, हे इथे स्पष्ट झाले.

या व्यवस्थेला खरा धक्का युद्धाने नव्हे, तर चाकाने दिला. १८३० साली गव्हर्नर सर जॉन माल्कम यांच्या कारकिर्दीत बोरघाटाचा गाडीरस्ता खुला झाला. १८६३ मध्ये त्याच घाटातून ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा मार्ग सुरू झाला, ज्याचा सर्वांत तीव्र चढ ३७ फुटांना १ फूट इतका होता, आणि १८६५ मध्ये थळघाटाचा मार्ग पूर्ण झाला. या कामांवर हजारो मजूर राबले आणि रोगराईत व अपघातांत कित्येक मेले. त्या मजुरांची स्मृती घाटात फारशी कुठे दिसत नाही, ही गोष्ट नोंदवण्याजोगी आहे. माल गाडीत चढताच तांडे निरुपयोगी झाले. १८८० च्या दशकात प्रसिद्ध झालेल्या ठाणे आणि पुणे जिल्ह्यांच्या गॅझेटियरांत घाटांच्या लांब याद्या आहेत व कोणता घाट लादलेल्या बैलांना चालतो आणि कोणता केवळ पादचाऱ्यांना, हेही नमूद आहे. ही नोंद होत असतानाच त्यांतल्या अनेक वाटांवरचा व्यापार ओसरत होता. पुढे वनकायद्यांनी रानाच्या वापरावर निर्बंध आणले, आणि १९२० च्या दशकात मुळशी धरणाने, सेनापती बापट यांच्या नेतृत्वाखालील सत्याग्रहाला न जुमानता, घाटमाथ्यावरची गावे पाण्याखाली घातल्याने काही वाटांची वरची टोकेच तुटली.

तरीही वाटा पूर्णपणे मोडल्या नाहीत, कारण व्यापार गेला तरी आठवड्याचा बाजार, सोयरीक, हिरडा-शिकेकाईची वेचणी आणि जत्रा उरल्या. महाशिवरात्रीला कोकणातून भीमाशंकर चढणारे भाविक किंवा मुरबाड तालुक्यातील म्हसा येथे पौष पौर्णिमेला भरणारी बैलबाजारासाठी प्रसिद्ध असलेली जत्रा गाठणारे लोक या वाटा हिवाळ्यात तुडवत राहिले. शहरी डोंगरयात्री या पायरहदारीत बराच उशिरा सामील झाले. १९५४ साली मुंबईत स्थापन झालेल्या ‘गिरिविहार’सारख्या संस्थांनी त्यांना संघटित रूप दिले, गो. नी. दांडेकरांच्या लेखनाने किल्ल्यांची ओढ मराठी घराघरात पोहोचवली, आणि हरीश कापडिया व आनंद पाळंदे यांच्या मार्गदर्शक पुस्तकांनी वाटांची माहिती गावकऱ्यांच्या तोंडातून कागदावर आणली. ज्या रेल्वेने तांडे संपवले, तिच्याच कर्जत, नेरळ आणि कसारा या स्थानकांवर पहाटेच्या लोकलने उतरून ही मंडळी घाटाच्या पायथ्याशी जाऊ लागली, आणि एका दिवसाची डोंगरयात्रा शक्य झाली ती याच सोयीमुळे.

तथापि डोंगरयात्रींची ये-जा तांड्यांच्या रहदारीची जागा घेऊ शकलेली नाही. ती ठराविक किल्ल्यांवर आणि ठराविक रविवारी एकवटते, त्यामुळे राजमाचीसारख्या ठिकाणी वाट रुंदावते, झिजते आणि घसाऱ्याची, म्हणजे सुट्या मुरमाची, होते, तर दहा-बारा किलोमीटरवरची एखादी जुनी बैलवाट कारवी आणि काटेरी झुडपांखाली नाहीशी होते. गावात डांबरी रस्ता आला की तरुण मोटारसायकलने बाजाराला जातात आणि वाट कुठे वळते हे फक्त गुराख्यांना आणि वृद्धांना ठाऊक राहते. म्हणून गॅझेटियरच्या यादीतल्या कित्येक घाटांसाठी आज पायथ्याच्या वाडीतून कोयता घेतलेला वाटाड्या सोबत न्यावा लागतो.