मधुमेहींच्या हृदयाचे मज्जातंतू : एका तपासणीचा इतिहास

१९२२ मध्ये टोरांटो येथे इन्शुलिनचा उपचार सुरू झाल्यानंतर मधुमेही रुग्ण दीर्घकाळ जगू लागले, आणि वर्षानुवर्षे वाढलेल्या रक्तशर्करेचे मज्जातंतूंवर होणारे परिणाम वैद्यकाला अधिक ठळकपणे दिसू लागले. पायांना येणाऱ्या मुंग्यांची तक्रार रुग्ण स्वतःच करी. परंतु स्वायत्त मज्जासंस्थेची, म्हणजे हृदयगती, रक्तदाब, पचन अशा आपल्या इच्छेवाचून चालणाऱ्या क्रियांवर ताबा ठेवणाऱ्या मज्जातंतूंच्या जाळ्याची, हानी बराच काळ निमूटपणे होत राहते. हृदयगती मंदावणारी लांबलचक व्हेगस नस बहुधा आधी दुखावते, त्यामुळे विश्रांतीतही नाडी जलद चालते. पुढे उभे राहताच रक्तदाब घसरू लागतो, आणि कधी हृदयविकाराचा झटकाही वेदनेवाचून येऊन जातो.

लंडनच्या किंग्ज कॉलेज हॉस्पिटलमधील व्हीलर व वॉटकिन्स यांनी १९७३ मध्ये अशा रुग्णांत श्वासाबरोबर होणारा हृदयगतीचा स्वाभाविक चढउतार लोपतो, हे दाखवले. त्याच दशकात एडिंबरो येथे डेव्हिड युइंग, इयन कॅम्पबेल आणि बेसिल क्लार्क यांनी ईसीजी यंत्र, रक्तदाबमापक अशा साध्या साधनांवर तपासण्यांचा एक संच उभा केला. त्यांतील एका तपासणीत रुग्ण मिनिटाला सहा दीर्घ श्वास घेतो. श्वास घेताना गती वाढते, सोडताना उतरते, आणि हा फरक मिनिटाला १५ ठोके वा अधिक असल्यास मज्जातंतू शाबूत, तर १० वा कमी असल्यास बाधित समजले जातात.

त्यांनी १९८० मध्ये प्रसिद्ध केलेल्या ७३ मधुमेहींच्या पाहणीत, तपासण्या बिघडलेल्या रुग्णांपैकी ५६ टक्के पाच वर्षांत दगावल्याचे आढळले. अनेक मृत्यूंना मूत्रपिंडांचा विकार कारणीभूत होता, तर काही मृत्यू अकस्मात झाले होते. या निष्कर्षामुळे एका दुर्लक्षित उपद्रवाला जीवघेण्या धोक्याच्या पूर्वसूचनेचे स्थान मिळाले.

ही हानी अटळ नाही, हे डेन्मार्कमधील स्टेनो-२ अभ्यासाने २००३ मध्ये स्पष्ट केले: टाइप २ मधुमेहाच्या १६० रुग्णांपैकी ज्यांची रक्तशर्करा, रक्तदाब व कोलेस्टेरॉल यांवर एकत्रित आणि कसोशीने उपचार झाले, त्यांच्यात स्वायत्त मज्जातंतूंची हानी वाढण्याचा धोका निम्म्याहून कमी राहिला. टाइप २ मधुमेह निदानापूर्वी कित्येक वर्षे शरीरात लपून असू शकतो. म्हणूनच या रुग्णांची ही बिनखर्चिक तपासणी तक्रारीची वाट न पाहता, निदानाच्या वेळीच झाली पाहिजे.